कवितेला पानभाडं कशाला भरायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तोच थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांना कळंल की उत्तर कशाचं चाललंय. तुम्ही कळंब तालुक्यातल्या, गावात ई-सेवा केंद्र चालवता, सहा वर्षांपासून लिहिताय, साठेक कविता झाल्यात. गेल्या वर्षी एका 'प्रातिनिधिक कवितासंग्रहा'साठी ७०० रुपये भरले, बदल्यात दोन प्रती आणि एक प्रमाणपत्र आलं. आता दुसरे एकजण ११०० मागतायत, ट्रॉफी देणार म्हणे. शिवाय तुमची मैत्रीण कवितांचं इंग्रजी करते, तर तिकडची मासिकं नुसती कविता वाचायचेच ३ डॉलर मागतात. तर पैसे न भरता कविता कुठं छापून येते का, का हे सगळीकडं असंच असतं, असं तुम्ही विचारलंय.

येते. आणि जिथं येते तिथंच ती वाचली जाते, हे मी अनुभवावरनं सांगतोय. मी परभणीत २३ वर्षं डीटीपी केलं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, शाळांचे गुणपत्रक, जे येईल ते. त्याच टेबलावर बसून कविता लिहिल्या आणि एक छोटं अनियतकालिक पण काढलं, त्याचे ११ अंक निघाले आणि मग कागदाचे भाव आणि बायकोचा संयम दोन्ही संपले. तर मी कविता पाठवणारा पण होतो, कविता निवडणारा पण, आणि हे पैशे घेऊन काढलेले संग्रह कंपोज करणारा पण. तिन्ही बाजू बघितल्यात.

आधी त्या संग्रहांचं सांगतो, कारण त्यात काय होतं ते कुणी सांगत नाही. २०१८ साली माझ्याकडं असाच एक आला होता. ८० कवी, प्रत्येकी ७००, म्हणजे ५६,००० रुपये. एकाला एक पान, पुढं प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका असं धरून ९६ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे सहा फॉर्म. अडीचशे प्रती, चार रंगात कव्हर, आत काळं-पांढरं. माझं कंपोजिंग, प्लेटा, छपाई, बाइंडिंग सगळं मिळून तेव्हाच्या भावानं अठरा-एकोणीस हजारांत बसलं. आता त्यातनं हॉल, हार, ट्रॉफ्या, पाहुण्यांची गाडी काढा, तरी हिशोब तुम्हाला येतो, तुम्ही रोज पैशाचंच काम करता. अडीचशेतल्या १६० प्रती कवींच्याच घरी गेल्या. उरलेल्या नव्वद पाहुण्यांना, दोन-चार वाचनालयांना, आणि बाकीच्या त्या संपादकाच्या माडीवर असतील अजून. दुकानात एक पण प्रत गेली नाही.

पण खरी गंमत पुढं आहे. माझ्याकडनं त्यात एक चूक झाली. त्याच माणसाचा आदल्या वर्षीचा संग्रह मीच केला होता, फाइल तीच वापरली, आणि प्रस्तावना बदलायची राहिली. म्हणजे नव्या पुस्तकात जुन्या पुस्तकाची प्रस्तावना, जुन्या पुस्तकाच्या नावासकट, आणि तीत ज्या कवींचं नाव घेऊन कौतुक केलंय ते कवी या पुस्तकात नाहीतच! छापून आल्यावर माझ्या ध्यानात आलं, पोटात गोळाच आला. प्रकाशन झालं, भाषणं झाली, मी रोज फोनची वाट बघत होतो की आता कुणीतरी झापणार. एक फोन आला. एका सरांचा, की त्यांच्या आडनावात वेलांटी चुकली. बस. ८० कवी, कुणी प्रस्तावना उघडली नव्हती, शेजारच्याची कविता तर लांबच. प्रत्येकानं अनुक्रमणिकेत आपलं नाव बघितलं, त्या पानावर गेले, फोटो काढला, स्टेटसला ठेवला, पुस्तक कपाटात. खुद्द संपादकाला पण कळलं नाही. (मी त्याला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.)

तर ७०० रुपयांत तुम्ही पान घेतलं, वाचक नाही. आणि निवड झाली असं पण समजू नका, तिथं निवड होतच नाही, पैसे आले की कविता घेतली, तुमची चांगली होती का वाईट ते त्या माणसाला आजही माहीत नसंल. ११०० वाल्याला नाही म्हणून सांगा. भांडायची गरज नाही, "सध्या जमत नाही सर" एवढं पुरे.

ओळखायचं कसं, ते पण सांगतो. ज्या जाहिरातीत अंक कोणता, आधी त्यात कोण छापलं गेलंय, संपादक कोण, हे काहीच नाही, पण प्रमाणपत्र, सन्मानचिन्ह, शाल आणि 'आयएसबीएन क्रमांकासह' एवढं ठळक अक्षरात आहे, तिथं थांबायचं. आयएसबीएनचं तर मला हसू येतं. कुणी कुणी त्याचे वेगळे पैसे लावतात. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो, दिल्लीला राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे ती देते, ऑनलाइन अर्ज करायचा, एक रुपया लागत नाही. तुमच्यासारखीनं तर केंद्रात बसल्या बसल्या करून टाकावा. आणि तो नंबर म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे. नियतकालिकांचा आयएसएसएन पण तसाच, तो पण फुकटच असतो.

आता एक बारीक फरक सांगायचा राहतो. वर्गणी आणि फी यात गल्लत करू नका. छोटी वाङ्मयीन नियतकालिकं वर्गणीवरच जगतात, संपादकाची पदरमोड आणि वर्गणीदार, तिसरं काही नसतं. तुम्हाला अंक आवडला, वर्षाची वर्गणी भरली, तर ते वाचायचे पैसे झाले, ते जरूर भरा. पण "आजीव सभासद व्हा मग कविता बघू" असं कुणी म्हणालं तर ती वर्गणी नाही. तसंच तालुक्याच्या दिवाळी अंकांचं, "ताई, गावातली एक जाहिरात आणून द्या, कविता घेतो की." आडत दुकानाची जाहिरात आणून कविता छापणारे लई जण मला माहीत आहेत, मी पण एकदा आणली होती, खताच्या दुकानाची. माझी कविता त्या जाहिरातीच्या खाली अर्ध्या पानात बसवली होती, युरियाच्या पोत्याच्या बरोबर खाली.

बरं, मग कुठं पाठवायचं. इथं तुम्हाला वाटंल मी पत्त्यांची यादी देईन. देणार नाही, कारण पत्ते आणि संपादक बदलतात, काही अंक बंद पडतात, काही दोन वर्षांनी अचानक निघतात. त्यापेक्षा शोधायची एक युक्ती सांगतो जी मला फार उशिरा कळली. तुम्हाला आवडणारा, गेल्या दहा वर्षांतला, एखाद्या बऱ्या प्रकाशनाचा कवितासंग्रह घ्या आणि पहिली दोन-चार किंवा शेवटची पानं बघा. बऱ्याच संग्रहांत बारीक अक्षरात ऋणनिर्देश असतो, 'या संग्रहातील काही कविता अमुक-तमुक नियतकालिकांत पूर्वप्रसिद्ध', आणि पुढं नावं. ती नावं वहीत उतरवा. असे पाच-सात संग्रह बघितले की तीच तीच आठ-दहा नावं परत परत येतात, ती तुमची यादी. तुमच्यासारखं लिहिणारे कुठं छापून आले ते त्यातनं कळतं, नुसत्या पत्त्यांच्या यादीतनं ते कळत नाही.

मग जिल्हा ग्रंथालयात एक दिवस काढा. धाराशिवला कामानिमित्त जाणं होतच असंल, दोन तास काढून नियतकालिकांच्या टेबलाला बसा. गावातल्या वाचनालयात बहुतेक पेपर आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकंच असतात, म्हणून जिल्ह्याचंच म्हणतोय. अंक उघडला की आधी कविता वाचा, मग मागं संपादकीय पत्ता, ईमेल बघा, 'साहित्य पाठवण्यासाठी' म्हणून काही सूचना असतील तर फोटो काढा. अंक न वाचता पाठवणं म्हणजे लग्न कुणाचं ते न विचारता पंगतीला बसणं, वाढतील पण नजरा सांगतात.

काही नावं मात्र सांगतो जी माहीत असायलाच पाहिजेत. आपल्याकडचं पहिलं म्हणजे मराठवाडा साहित्य परिषद, १९४३ पासूनची संस्था, संभाजीनगरला कार्यालय आणि नांदापूरकर सभागृह, आणि तिचं नियतकालिक 'प्रतिष्ठान'. तालुक्याच्या गावांत परिषदेच्या शाखा असतात, तिथं गेलात तर निदान कोण वाचणारं आहे ते कळतं. धुळ्याचं 'कविता-रती' १९८५ पासून फक्त कविता आणि कवितेवरचं लेखन एवढ्यालाच वाहिलेलं, ते वाचलं नसंल तर आधी मिळवा, पाठवायचं नंतर. 'अनुष्टुभ' आहे. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' आहे. 'साधना' साप्ताहिक साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं, त्यात अधूनमधून कविता असतात आणि जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात. तुम्ही पोरांसाठी काही लिहिलं असंल, आणि केंद्रात शाळेतली पोरं स्कॉलरशिपचे फॉर्म भरायला येतात म्हणजे लिहिलं असणारच, तर बालभारतीचं 'किशोर'. १९७१ पासून निघतं, जुने अंक सगळे ऑनलाइन बघायला मिळतात. फक्त बालकविता सोपी असते असं समजून जाऊ नका, माझ्या तीन परत आल्या.

दिवाळी अंकांचं वेगळं सांगायला पाहिजे. १९०९ ला 'मनोरंजन'नं पहिला काढला तेव्हापासनं हे आपलं खास मराठी प्रकरण आहे, आणि कवितेला सगळ्यात जास्त पानं वर्षातनं तेव्हाच मिळतात. पण लोक चुकतात कुठं, तर गणपती झाले की कविता पाठवतात. तोवर अंक कंपोज होऊन प्रूफं चाललेली असतात. मी डीटीपीवाला म्हणून सांगतो, ऑगस्टच्या शेवटी मजकूर आलेला असतो, सप्टेंबरला पानं लागतात, ज्या चार-पाच कविता मग येतात त्या 'पान भरायला' वापरतात, म्हणजे लेख पाऊण पानात संपला तर खाली. मृग नक्षत्र लागलं की पाठवायचं, फार तर जुलै. मोठ्या अंकांत बहुतेक कविता मागवून घेतात, तिथं लगेच अपेक्षा नको. पण मधले, चळवळीतले, जिल्ह्यातून निघणारे बरे अंक आहेत, तिथं नव्या माणसाला जागा असते.

आणि आपल्या भागाला तर छोट्या नियतकालिकांची परंपराच आहे. 'अस्मितादर्श' औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी चालवलं, दलित लेखक-कवींची आख्खी पिढी त्यातनं पुढं आली. मागं जायचं तर अंबाजोगाईला दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे चक्क कापडावर ओव्या लिहून ठेवल्यात, त्यांना कुणी पानाचे किती म्हणून विचारलं नसणार.

नेटवरचं थोडक्यात. मायबोली १९९६ पासून आहे, मिसळपाव आहे, ऐसी अक्षरे आहे, तिथं खातं काढून स्वतःच टाकता येतं, पैसे नाहीत, आणि चांगलं म्हणजे लोक तोंडावर सांगतात की तिसरी ओळ जमली नाही. 'हाकारा' म्हणून मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतलं ऑनलाइन नियतकालिक आहे, प्रत्येक अंकाला एक सूत्र असतं, ते बघून पाठवायचं. प्रतिलिपीसारखी अ‍ॅप आहेत, तिथं कुणी निवडत नाही, तुम्ही टाकली की ती दिसते, वाचक भरपूर पण कविता तिथं कथेच्या मानानं कमी वाचली जाते असं मला वाटतं. एक ध्यानात ठेवा, बरेच संपादक 'अप्रकाशित' कविता मागतात, आणि फेसबुकवर टाकलेली कविता काहीजण प्रकाशित धरतात. म्हणून ज्या दहा-बारा तुम्हाला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या स्टेटसला ठेवू नका. दोन लाइक कमी मिळतील, मिळू द्या.

आकाशवाणी विसरू नका. परभणी, संभाजीनगर, नांदेड, बीड, धाराशिव, आपल्याकडं केंद्रं आहेत. माझी पहिली कविता छापून यायच्या आधी परभणी केंद्रावरनं वाचली गेली. केंद्राला साधं पत्र लिहायचं, सोबत चार कविता, वय लिहायचं कारण तरुणांसाठी युववाणी वेगळं असतं. बोलावलं तर कागदावर करार होतो आणि ते तुम्हाला मानधन देतात, तुमच्याकडनं घेत नाहीत. रक्कम मोठी नसते, पण मी त्या पहिल्या मानधनाचा चेक आठ दिवस वटवलाच नव्हता, आईला दाखवायला ठेवला होता, आईला वाचता येत नव्हतं पण तिनं तो कडेनं धरून बघितला, ओला हात लागू नये म्हणून.

साहित्य संमेलनाचा कविकट्टा पण बिनपैशाचा रस्ता आहे. २०२० ला धाराशिवला आणि २०२२ ला उदगीरला अखिल भारतीय संमेलन झालं, म्हणजे आपल्या दारात दोनदा. निमंत्रितांचं कविसंमेलन वेगळं, कविकट्टा वेगळा, कट्ट्यासाठी आधी कविता मागवतात, तारीख जाहीर करतात. प्रतिनिधी शुल्क भरतात ते राहण्या-जेवणाच्या सोयीसाठी असतं, कविता वाचायचं ते भाडं नव्हे, हा फरक विचारून घ्यायचा. कट्टा सगळीकडं सारखाच असतो, रात्र होते, वाचून उतरलेला माणूस चप्पल शोधायला लागतो, समोर पंधराजण, त्यातले बारा आपल्या नंबरची वाट बघणारे. तरी जावं. कविता मोठ्यानं वाचताना कुठं अडखळते ते तिथं कळतं.

आता पाठवायचं कसं, कारण निम्म्या कविता इथंच मरतात. संपादक म्हणून सांगतो, माझ्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला गुलाबाच्या फुलाच्या चित्रावर लिहिलेली कविता यायची, खाली 'आवडल्यास शेअर करा'. ती मी वाचायचो पण नाही, खरं सांगतो. चार किंवा पाच कविता एका फाइलमध्ये, प्रत्येक कविता नव्या पानावर, युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही जोडायच्या. पीडीएफ का, तर छापखान्यात अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपी हे जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर चालतं, युनिकोडमधनं तिकडं बदलताना अक्षरं तुटतात. सगळ्यात जास्त तुटतो तो 'वाऱ्यावर', 'पायऱ्या', 'दऱ्या' यातला अर्धा र, त्याच्या जागी नुसता र येतो नाहीतर चौकोन येतो, आणि कंपोझिटरला मूळ कसं होतं ते पीडीएफ बघूनच कळतं. मी स्वतः एका कवीच्या 'सुऱ्या'च्या 'सुरया' केल्यात. ओळ कुठं तोडलीय ते पण पीडीएफमुळं टिकतं, नाहीतर दोन कॉलमच्या पानावर तुमची लांब ओळ आपोआप खाली घसरते आणि वाचणाऱ्याला वाटतं तुम्हीच तोडली.

मजकूर मधोमध लावायचा नाही, डावीकडनं. ठळक, तिरपं, रंगीत काही नको. शेवटी पूर्ण नाव, पिनकोडसकट पत्ता, फोन. पत्ता द्याच, कारण अंक पोस्टानं येतो आणि पत्ता नसला की येतच नाही, मग लोक म्हणतात संपादकानं अंक सुद्धा दिला नाही. ईमेलात चार ओळी बास, मी कोण, कुठली, सोबत इतक्या कविता, अप्रकाशित आहेत, आणि तुमच्या अमुक अंकातली अमुक कविता आवडली होती, पण खरंच वाचली असंल तरच. 'नवोदित कवयित्री' लिहू नका, 'चुकभूल माफ असावी' लिहू नका, फोटो मागितला तरच.

मग वाट बघायची. तीन महिने धरा, सहा पण लागतात. बरेच जण नकार कळवतच नाहीत, हे वाईट आहे पण आहे, एकटा माणूस नोकरी सांभाळून अंक काढत असतो. तीन महिन्यांनी एक आठवण, दोन ओळींची, फोन नाही. तोवर तीच कविता दुसरीकडं पाठवायची नाही, मराठीत हे अजून पाळतात, दोन अंकांत एकच कविता आली की दोन्ही संपादक नाराज होतात. म्हणून एक वही करा, कविता, कुठं, कधी पाठवली, काय झालं. माझी पहिली वही आहे अजून, पहिल्या तीन वर्षांत ३८ ठिकाणी पाठवल्या, पाच आल्या. त्यातली एक एवढ्या चुकांसकट आली होती की ती मी मोजावी का नाही ते ठरत नव्हतं, पेन्सिलनं टिक केलीय.

इंग्रजीचं. तिकडचे ३ डॉलर आणि आपल्याकडचे ७०० हे एक नाही, न्याय करायला पाहिजे. तिकडं बरीच मासिकं सबमिटेबल नावाच्या सॉफ्टवेअरवर कविता घेतात, त्याचे पैसे मासिकाला भरावे लागतात, शिवाय एकेका अंकाला हजारो कविता येतात, म्हणून ते वाचनशुल्क लावतात. पैसे भरले म्हणून छापतील असं नसतं, उलट बहुतेक परतच येतात. स्पर्धा असेल तर १५-२५ डॉलर पण मागतात. तरी आपल्या कमाईतनं ३ डॉलर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, दहा ठिकाणी पाठवलं की महिन्याचं लाइट बिल. आणि गरज नाही. शिकागोचं 'पोएट्री' १९१२ पासूनचं, तिकडचं सगळ्यात नावाजलेल्यांपैकी, तेच मुळात काही घेत नाही आणि छापलं तर वर पैसे देतं. काही मासिकं फी लावतात पण महिन्याचे पहिले काही दिवस किंवा पहिल्या काही शे कविता फुकट घेतात, ते बघून ठेवायचं. शोधायला 'सबमिशन ग्राइंडर' म्हणून साइट आहे, फुकट, त्यात कोण फी घेतं, किती दिवसांत उत्तर येतं ते दिसतं. 'ड्युओट्रोप' पण तेच काम करतं पण त्याचे महिन्याला ५ डॉलर आहेत, म्हणजे फी वाचवायला फी. मी तर म्हणतो भाषांतर आधी साहित्य अकादमीच्या 'इंडियन लिटरेचर'ला पाठवून बघा, भारतीय भाषांतल्या कवितांची इंग्रजी भाषांतरं छापायलाच ते आहे. हिंदी जमत असंल तर अकादमीचंच 'समकालीन भारतीय साहित्य'. मैत्रिणीला तुमची लेखी परवानगी असू द्या, साधा ईमेल चालतो, भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो.

हक्कावरनं आठवलं. कविता लिहिली की कॉपीराइट तुमचा झाला, कुठं नोंदवायची सक्ती नाही, १९५७ चा कायदा आहे. कॉपीराइट काढून देतो म्हणून कुणी हजारो मागंल तर नोंदणीची सरकारी फी साहित्यकृतीला ५०० रुपये आहे, आणि ती पण तुम्हाला सध्या नकोच आहे. त्या ११०० वाल्याच्या फॉर्मात 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' अशी ओळ असते, ती बघा. सही केली तर हक्क जातो, सही शिवाय जात नाही, आणि किती वर्षांसाठी ते लिहिलंच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. गेल्या वर्षीच्या फॉर्मची प्रत असली तर काढून वाचा.

संग्रहाची घाई नको, पण माहिती असू द्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. हस्तलिखित मागवतात, ते तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. जाहिरात निघते ती बघत राहायची, नियम त्या त्या वर्षीचे वाचायचे, उगं कुणी सांगितलं म्हणून जायचं नाही. पैसे भरून घरचं पुस्तक काढण्यापेक्षा दोन वर्षं थांबून हे करून बघा. पुस्तक निघालं की मग राज्य शासनाचा पहिल्या कवितासंग्रहाचा बहिणाबाई चौधरी पुरस्कार आहे, मुक्त विद्यापीठाचा विशाखा पुरस्कार आहे, पस्तिशीच्या आतल्यांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे, ५०,००० रुपयांचा. आणि 'राज्यस्तरीय' म्हणवणारे, प्रवेश शुल्क घेऊन पंचवीसजणांना एकाच स्टेजवर देणारे जे आहेत, त्यांची मोमेंटो पुसायला घरात माणूस लागतं.

शेवटी तुम्ही जी कविता जोडलीय, अंगठ्याची, तिच्याबद्दल. म्हातारी केंद्रात येते, मशिनवर अंगठा ठेवते, उमटत नाही, तुम्ही तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसता, परत ठेवता, उमटत नाही, आणि ती म्हणते 'बाई, आयुष्यभर शेण-माती केली, रेघा झिजल्या असत्याल.' ताई, ही कविता आहे. मी संपादक असतो तर हा तुकडा वाचून खुर्चीत सरळ बसलो असतो. मग तुम्ही खाली चार ओळी लिहिल्यात, हीच का प्रगती, हेच का डिजिटल भारताचे स्वप्न वगैरे. त्या काढा. ते म्हातारीनं सांगून झालंय. 'रेघा झिजल्या असत्याल'वर थांबवा आणि मशिनचा तो टूं आवाज जो तुम्ही दुसऱ्या कडव्यात टाकलाय, तो सगळ्यात शेवटी आणता येतो का बघा. जमलं तर ही आणि सोबत त्याच केंद्रातल्या अजून तीन कविता असतील त्या एकत्र पाठवा, प्रेमाच्या सध्या नकोत. आज वैशाख चाललाय, दिवाळी अंकांना वेळ आहे. आणि त्या म्हातारीच्या पगाराचं, म्हणजे निराधारच्या पैशाचं, पुढं काय झालं तेवढं मला कळवा.